दुखणं एकाचं, हसणं साऱ्यांचं

साठ ते नव्वदच्या दशकांत वऱ्हाडातल्या एकत्र कुटुंबात जे वाढले, त्यांना घरातली आजारपणं एका निराळ्याच रीतीनं आठवतात. औषधांची नावं लक्षात नाहीत. काय झालं होतं हे तर तेव्हाही आम्हा पोरांना कोणी धड सांगितलं नव्हतं. आठवतात ती खाटेवर पडलेल्या माणसाची बोलणी आणि त्यावर ओसरीत उठलेलं हसणं. आमचं घर अमरावतीला परकोटाच्या आत, शेती दर्यापूर तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यात आणि एक काका अकोल्याला कापडगिरणीत. आमचं सारं सुखदुःख या तीन ठिकाणांत फिरत असे. ती पिढी आता जवळजवळ संपली. चुलत, आते, मावस अशी आम्ही भावंडं लग्नकार्याला भेटलो की बोलणं फिरून फिरून त्यांच्यावर येतं. ती माणसं दुखण्याला घाबरत होतीच, पण घाबरलेल्या माणसाला एकटं पडू देत नव्हती. ते कसं जमवत होती, हे लिहून ठेवावंसं वाटतं.

गावाकडे आमच्या अमरावतीच्या घराला ‘दवाखान्याचं घर’ म्हणत. जिल्ह्याचा मोठा सरकारी दवाखाना म्हणजे इर्विन, आणि बायकांचा डफरीन. दर्यापूर-अंजनगावकडचं कोणी तिथं भरती झालं की सोबतची माणसं आमच्याकडे उतरत. त्यासाठी नातं लागत नसे, गाव एक असलं की पुरे. मोठीमाय, म्हणजे आमची थोरली काकू, पहाटे उठून चुलीपुढं बसे. ज्वारीच्या भाकरी, पातळ वरण, पथ्याचं नसेल त्याला ठेचा, असा डबा भरला जाई आणि आमच्यापैकी कोणीतरी तो सायकलच्या हँडलला अडकवून इर्विनला पोचवी. माणसं इतकी येत की एकदा मोठीमाय म्हणाली, “पेशंट एक अन् जेवनारे सात. मले त समजतच नाही वं माय, बिमार नेमकं कोन हाये!” ऐकणाऱ्यांमध्ये त्या पेशंटची बायकोही होती. तीन दिवस तिच्या तोंडातून शब्द निघाला नव्हता. ती हसली, आणि हसता हसता पहिल्यांदा पोटभर रडली. मोठीमायनं तिला रडू दिलं आणि पुढ्यात ताट सरकवलं. शाळा न शिकलेल्या त्या बाईला माणसाचा बांध कधी मोकळा करायचा हे अचूक कळत होतं.

मग आबाजींना, म्हणजे आमच्या आजोबांना, लकवा झाला. डावा हात, डावा पाय गेला. घरचा कर्ता माणूस खाटेला लागला म्हणून पंचक्रोशीतून माणसं भेटायला येऊ लागली. येणारे उंबऱ्यापासूनच पडलेला चेहरा करून येत. आबाजींनी दोन दिवस ते पाहून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी आल्या पाहुण्याला म्हणाले, “लकव्यानं अर्धा मानूस नेला, पन जीभ पुरीच्या पुरी ठेवून गेला. लेकाले हिशेब येत नाही!” त्या वाक्यानंतर घराचा नूर पालटला. भेटायला येणाऱ्यांना बसायची सोय झाली. बोलायचं काय, हा प्रश्न उरला नाही.

तेव्हापासून घरात एक नियम आपोआप पडला. दुखण्यावर पहिला विनोद करायचा मान दुखणाऱ्याचा. त्यानं केला तर बाकीच्यांनी हसायचं, पुढं वाढवायचं. त्यानं केला नाही तर कोणी तोंड उघडायचं नाही. हा नियम कोणी सांगितला नव्हता, पण आम्ही पोरंसुद्धा तो मोडत नसू. एकदा एका पाव्हण्यानं आबाजींच्या वाकड्या चालीची नक्कल केली. कोणी हसलं नाही. आजीनं त्याच्यापुढचा चहाचा कप उचलला आणि आत नेला. एवढंच झालं. माणसाची थट्टा आणि माणसासोबतचं हसणं यांतला फरक आम्ही त्या दिवशी शिकलो.

विनोदानं हात उचलत नाही, हेही त्या घराला माहीत होतं. अमरावतीला 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्या शहरात गल्लोगल्ली आखाड्याची माती लागलेली माणसं होती. आमच्या शेजारी असेच एक पैलवान काका राहत. ते रोज सकाळी तिळाचं तेल घेऊन येत आणि आबाजींचा हात-पाय रगडत. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला. पहिले काही महिने काहीच फरक दिसला नाही. नंतर एक बोट हललं. मग भिंत धरून चार पावलं. आबाजी पावलं मोजत आणि प्रत्येक पावलाला एकेका गावाचं नाव देत : हे वलगाव, हे खोलापूर, हे दर्यापूर. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला पोचले की म्हणत, “वावरात पोचलो बापा. पऱ्हाटी चांगली हाये.” वर्ष संपायच्या आत काठी टेकत ते फाटकापर्यंत जाऊ लागले. पैलवान काकांनी त्या कामाचा एक पैसा घेतला नाही, आणि आबाजींनीही त्यांच्या मुलाच्या शिक्षणाची काळजी शेवटपर्यंत आपली मानली.

शेताकडची दुखणी वेगळी होती. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून जातो. जमीन काळीभोर, पण खालचं पाणी खारं. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मुतखड्याची आणि किडनीची दुखणी त्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली. आमच्या मधल्या काकांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मीठ तर आमची विहीरच टाकते, मी कायले टाकू?” त्यांचे पडलेले खडे ते काड्यापेटीत ठेवत आणि आलेल्याला दाखवत : “घर बांधाचं हाये, गिट्टी जमा करून रायलो.” कळ आली की मात्र हाच माणूस जमिनीवर लोळे, आणि कळ ओसरली की घाम पुसून पुन्हा वखरामागं जाई. त्यांच्या विनोदामागं किती वेदना होती हे काकूला माहीत होतं. गोड्या पाण्याची घागर ती दूरवरून डोक्यावर आणत असे, आणि त्या घागरीतलं पाणी आधी काकांच्या लोट्यात जाई.

गावाहून दवाखान्याला जायचं तर शकुंतला होती. मूर्तिजापूरहून एका फाट्यानं यवतमाळला आणि दुसऱ्यानं दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूरला जाणारी ती छोट्या रुळांची गाडी. 1994 पर्यंत तिला कोळशाचं वाफेचं इंजिन होतं. तिची चाल साऱ्या वऱ्हाडाला माहीत. दर्यापूरला बसून मूर्तिजापूरला उतरायचं आणि मोठी गाडी धरून अकोला किंवा बडनेरा गाठायचं. त्या डब्यात एखादा पेशंट निजलेला असला की सगळा डबा त्याच्याभोवती जमे. कोणी भुईमुगाच्या शेंगा देई, कोणी वारा घाली, कोणी आपल्या आतेभावाला हेच दुखणं झालं होतं नि आज तो कसा बंडी हाकतो ते सांगे. मधले काका म्हणत, “शकुंतलेनं जाचं बापा. पोहचेपावतर दुखनं कटायून उतरून जाते.” आता ती गाडी बंद आहे आणि मोटारीनं तास-दीड तासात दवाखाना गाठता येतो, ही फार चांगली गोष्ट झाली. त्या डब्यातली ती माणसं मात्र मोटारीत मावत नाहीत.

दुखणं शरीराचंच असतं असं नाही. 1972 चा दुष्काळ आमच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिला. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी घराघरांत आली. शेतकऱ्यांच्या सुना-लेकी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या. त्याच वर्षी राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली आणि पुढं कित्येक हिवाळे संकलन केंद्रांपुढं बंड्यांच्या रांगा लागलेल्या आम्ही पाहिल्या. रात्र रात्र तिथंच काढावी लागे. पुरुष बंडीखाली घोंगडी अंथरून पडत, शेकोटी पेटवत, आणि मग गोष्टींना ऊत येई. आबाजींनी एका नापिकीच्या साली हिशेबाची वही मिटत म्हटलेलं वाक्य आजही आमच्यात चालतं : “यंदा कापसाले वजन नाही, पन उधारीले हाये.” दुसऱ्या दिवशी त्यांनी आजीच्या पाटल्या गहाण ठेवल्या आणि बियाणं आणलं. हसण्याच्या पाठोपाठ काम येई. हसून बसून राहणारा माणूस आमच्या घरात चालत नव्हता.

अकोल्याच्या काकांची गिरणी बंद पडली तेव्हा हीच रीत कामी आली. अकोला हे कापसाचं शहर. भोंग्यावर गल्ल्या जाग्या होत, भोंग्यावर चुली पेटत. एके दिवशी भोंगा वाजला नाही आणि मग कधीच वाजला नाही. काका कित्येक महिने सकाळी ठरल्या वेळी कपडे करून फाटकाशी जात. तिथं त्यांच्यासारखेच आणखी जमलेले असत. काकूनं एकदा विचारलं, रोज कायले जाता? ते म्हणाले, “इतकी वर्सं भोंग्यानं मले उठवलं. आता मी त्याले उठवाले जातो.” हे सांगताना काकूच्या डोळ्यांत आजही पाणी येतं. पण त्याच काकूनं पापड-कुरडयांचं काम धरलं. अकोल्याच्या उन्हाळ्याला वैतागलेल्या शेजारणींना ती म्हणे, “तुमाले घाम येते, माये पापड वायतात. ऊन फुकट कोन देते आजकाल?” मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या त्या गावात गच्चीवर अंथरलेल्या पापडांनी दोन मुलांची फी भरली. काकाही पुढं सायकलवर तेच पापड घेऊन दुकानं फिरू लागले. श्रावणात मात्र ते सुट्टी घेत. 1944 च्या अवर्षणात अकोल्याच्या तरुणांनी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर आणून राजराजेश्वराला घातलं, तेव्हापासूनची कावड काकांनी गुडघे चालेपर्यंत सोडली नाही.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. ओसरीवरचे विनोद पुरुषांच्या नावावर जमा झाले, पण दुखण्याचा खरा भार बायकांच्या अंगावर होता. रात्रीचं जागरण, धुणं, पथ्याचा वेगळा स्वयंपाक, अंग पुसणं हे सुनांनी केलं. त्यांचं हसणं परसात, पापड लाटताना, दार लोटून होई. तिथली बोलणी जास्त धारदार आणि जास्त खरी होती. त्या स्वतः आजारी पडल्या तर बोलतही नसत. मोठीमायची गाठ अशीच लपून राहिली. कळलं तेव्हा नव्वदचं दशक उजाडलं होतं आणि डॉक्टरांनी मुंबईला टाटाच्या कर्करोगाच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं.

मुंबईत आमचं कोणी नव्हतं. पण अमरावतीच्या माणसाला मुंबईत एक हक्काचं दार आहे, ते गाडगेबाबांचं. शेंडगावात जन्मलेले, हातात झाडू नि डोक्यावर गाडगं घेऊन फिरलेले बाबा. आजीनं त्यांची कीर्तनं ऐकली होती. ते प्रश्न विचारून माणसांना हसवत आणि हसणाऱ्याला त्याच हसण्यातून विचारात पाडत. कोकणात कीर्तन सुरू असताना मुलाच्या मृत्यूची बातमी आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, हे आजी आम्हाला अनेकदा सांगे. 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा कर्करोगाच्या गरीब रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. मोठीमाय आणि तिची धाकटी जाऊ तिथं राहिल्या. औषधानं केस गेले. मोठीमाय म्हणाली, “फनी अन् तेलाचा खर्च वाचला. त्या पैशाचं लुगडं आनजा.” धर्मशाळेत बिहारच्या, आसामच्या, कोकणच्या बायका होत्या. हिला हिंदीचा गंध नाही. तरी हातवारे करून ती त्यांना हसवी आणि आपल्या डब्यातलं तिखट वाटी वाटी वाटून टाकी. परत आल्यावर तिनं आणखी काही वर्षं काढली आणि त्या वर्षांत दोन नातसुनांना मांडे करायला शिकवलं. गेली तेव्हा दादरला ओळख झालेल्या एका बाईचं पत्र आलं. ते आम्ही जपून ठेवलं आहे.

या साऱ्या हसऱ्या आठवणींना एक काळी किनार आहे. काही दुखण्यांपुढं आमची घरं गप्प झाली. महारोगाचं नाव घेतलं जात नसे. ज्याच्या अंगावर चट्टा उठे, तो घरातून, मग बोलण्यातून नाहीसा होई. उद्धव शेळके यांच्या 1960 च्या ‘धग’ या कादंबरीतल्या कौतिकच्या नवऱ्याला, महादेवला, हाच रोग होतो. वऱ्हाडी बोलीत लिहिलेल्या त्या पुस्तकात आमच्या आयांना आपलीच शेजारीण भेटली. पण याच अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 साली तपोवन उभं केलं. घरानं टाकलेल्या रुग्णांना तिथं औषधाबरोबर हाताला काम मिळालं, शेती मिळाली, संसार उभे राहिले. माणसाला लाज दिली की विनोद मरतो आणि काम दिलं की तो परत येतो, हे तपोवनानं आमच्या शहराला दाखवलं. आज औषधानं हा रोग पूर्ण बरा होतो. आजचं मौन मात्र दुसऱ्या दुखण्यांभोवती आहे : मनाचे आजार, दारू, कर्ज. कर्जापायी आमच्या भागातल्या किती घरांतला कर्ता माणूस गेला, हे वऱ्हाडाला सांगायची गरज नाही. त्या माणसांच्या शेजारी शेकोटी पेटवून रात्रभर बसणारं कोणी होतं का, हा प्रश्न आम्हाला छळतो.

आम्ही पोरं रडलो की आजीकडे उदाहरणं तयार असत, आणि ती सगळी जवळचीच होती. माधानचे गुलाबराव महाराज : तान्हेपणीच दृष्टी गेली, अवघं चौतीस वर्षांचं आयुष्य मिळालं, पण मागं मोठी ग्रंथसंपदा ठेवली. मोझरीचे तुकडोजी महाराज : कर्करोगानं 1968 साली गेले, पण गावं जोडायचं काम शेवटपर्यंत सोडलं नाही. आणि आमच्या वडिलांच्या पिढीचा सर्वांत लाडका माणूस म्हणजे सुरेश भट. 1932 साली अमरावतीत जन्मलेला हा मुलगा अडीच वर्षांचा असताना पोलिओनं उजवा पाय अधू झाला. त्याच मुलानं पुढं मराठी गझल उभी केली आणि सारा महाराष्ट्र तिच्यामागं गेला. याच रस्त्यांवरून चालला तो, हे वडील अभिमानानं सांगत. मोठी माणसं दूर कुठं तरी असतात असं आम्हाला कधी वाटलं नाही, ते या उदाहरणांमुळं.

त्या काळाचे मी गोडवे गात नाही. औषधं नव्हती, पैसे नव्हते, उशीर फार झाला. मोठीमायला वेळेवर दवाखाना दाखवला असता तर ती आणखी जगली असती, आणि तिच्या हसऱ्या स्वभावानं त्या उशिराची भरपाई होत नाही. आजच्या तपासण्या, आजची औषधं त्या घराला मिळायला हवी होती. पण त्या घराजवळ जे होतं ते आज पैशानं मिळत नाही : आजारी माणूस घराच्या मधोमध असे. त्याची खाट ओसरीत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेत. त्याला विचारल्याशिवाय पेरणी होत नसे, सोयरीक ठरत नसे. तो कर्ता होता, आजारीही होता, आणि आजारामुळं त्याचं कर्तेपण कमी झालेलं नव्हतं. त्याचा विनोद त्या मानातून येत होता.

आता खाटेवर पडायची पाळी हळूहळू आमच्या पिढीची आहे, आणि उशाशी बसायची पाळी आमच्या मुलांची. दोघांनाही एवढंच सांगावंसं वाटतं. घरात कोणी आजारी असेल तर त्याची खाट आतल्या खोलीत नेऊ नका. भेटायला गेलात तर टेका, उभ्या उभ्या चौकशी करू नका, सांगोवांगीची औषधं सुचवू नका. त्याला घरातल्या एखाद्या खऱ्या गोष्टीत सल्ला विचारा आणि तो पाळा. सोबत राहणाऱ्या बाईच्या हातून एक रात्र काढून घ्या आणि तिला झोपू द्या. स्वतःच्या अंगावरची गाठ, छातीतली कळ, मनातला अंधार लपवू नका. वेळेवर बोला, वेळेवर दवाखाना गाठा. आणि पहिला विनोद आजारी माणसाला करू द्या. त्यानं केला की मोकळेपणानं हसा, आणि मग उठून कामाला लागा.